खरं सांगितल्याबद्दल

ज्या दिवशी तिला हॉटेलच्या जनरल मॅनेजरची खुर्ची मिळाली, त्या दिवशी दुपारी ती त्याच खुर्चीत बसल्या बसल्या झोपून गेली. रिसेप्शनवरच्या मुलीने दार वाजवलं, उत्तर आलं नाही म्हणून हळूच ढकलून पाहिलं, तर मॅडमची मान एका बाजूला कललेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि समोर टेबलावर अभिनंदनाचे गुच्छ. मुलीने दार तसंच ओढून घेतलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, "मॅडम मीटिंगमध्ये आहेत."

हॉटेलात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे घडी. हे नाव मास्तरांनी दिलेलं. ती खोल्या साफ करायला लागली तेव्हा चादरीच्या कोपऱ्यांची घडी तिच्याइतकी चोख कोणाची बसत नसे. मास्तर मजल्यावरून फिरताना एखाद्या पलंगापाशी थांबायचे, कोपऱ्यावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "ही आपल्या घडीची." तेच चिकटलं.

मास्तर काही शाळेत शिकवणारे नव्हते. ते रिसेप्शनचे प्रमुख. पण रविवारी चर्चमध्ये गायन मंडळाला तेच शिकवायचे, म्हणून चर्चच्या मंडळीत मास्तर, आणि मंडळीतली दोन-चार माणसं हॉटेलात कामाला, म्हणून हॉटेलातही मास्तर. घडीचे वडील गेल्यावर तिची आई एका रविवारी उपासना संपल्यावर त्यांना गाठून म्हणाली होती, "हिला कुठे चिकटवता आलं तर बघा." त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं.

काम त्यांनीच शिकवलं. "दार दोनदा वाजवायचं, आणि दोन्हींच्या मध्ये एक श्वास घ्यायचा. आतला माणूस झोपेतून उठत असतो. त्याला माणसात यायला वेळ द्यावा." असली त्यांची शिकवण. त्यांची स्वतःची खरी किमया मात्र नावांची. कोणी पाच-सहा वर्षांनी परत येऊन काउंटरवर बॅग ठेवली की मास्तर वहीत न बघता म्हणायचे, "या, या. या वेळी बाईसाहेब नाही आल्या? गुडघा कसा आहे त्यांचा?" पाहुण्याचा चेहरा असा काही फुलायचा की बघणाऱ्यालाही बरं वाटावं.

घडीला पैशाचा हव्यास कधीच नव्हता. तिच्या मनात दुसरंच बसलं होतं. कामावर लागल्याच्या पहिल्या आठवड्यात ती हातात टॉवेलांचा ढीग घेऊन पाहुण्यांसाठीच्या पुढच्या लिफ्टमध्ये शिरली, आणि आतल्या एका गृहस्थांनी काही न बोलता नुसतं दाराकडे बोट केलं. ती बाहेर आली आणि मागच्या जिन्याने चार मजले चढली. तेव्हाच तिने ठरवलं, की एक दिवस असा आणायचा की आपल्याकडे कोणी असं बोट करणार नाही.

मग ती मागत गेली. "देवा, मजल्याची सुपरवायझर कर, मग मी काही मागणार नाही." झाली. "हाऊसकीपिंगची प्रमुख कर, मग बस." तीही झाली. दर वेळी 'मग बस' ती अगदी मनापासून म्हणायची, आणि दर वेळी त्या पायरीवर उभं राहिलं की वरची पायरी दिसायची. नवरा चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायचा, शांत माणूस. मुलीच्या वेण्या घालायला तोच शिकला, शाळेतल्या बाईंना भेटायलाही तोच जायचा. आता मुलगी दूर नोकरीला होती आणि फोनवर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आई, कामात नाहीस ना?" चर्चमध्ये प्रार्थनेला डोळे मिटले की घडीच्या डोळ्यांपुढे लॉंड्रीतून परत न आलेले अभ्रे यायचे. ती ते मोजत बसायची आणि सगळे 'आमेन' म्हणाले की तीही म्हणायची.

जुने जनरल मॅनेजर सोडून गेले तेव्हा ती त्यांच्या हाताखाली दुसऱ्या नंबरवर होती, आणि मास्तरही त्याच पायरीवर. सगळ्यांनी धरलंच होतं, आता मास्तर. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, त्यांचा मान. घडीसुद्धा तसंच म्हणायची. पण रात्रीची झोप तिची उडाली, आणि दिवसा तिला मास्तरांच्या चुका दिसायला लागल्या.

चुका खोट्या नव्हत्या. मास्तर एका नेहमीच्या पाहुण्याला दुसऱ्याच नावाने हाक मारून बसले होते. एकदा भरलेल्या खोलीची किल्ली त्यांनी नव्या माणसाला दिली. तो दार उघडून आत गेला तर आतला गृहस्थ तोंडाला फेस लावून दाढी करत उभा. तेव्हा घडीनेच धावत जाऊन माफी मागितली, दोघांना चहा पाठवला आणि प्रकरण निस्तरलं. मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "डोक्याचं काय झालंय काय माझ्या!" आणि हसले. तीही हसली.

मग मालकांनी तिला बोलावलं. मालक तरुण होते, वडिलांनंतर नुकतेच गादीवर बसले होते. म्हणाले, "मास्तरांबद्दल तुम्हाला काय वाटतं? मोकळेपणाने सांगा. तुम्ही त्यांना जवळून ओळखता."

ती म्हणाली, "त्यांच्यासारखा माणूस नाही. पण हल्ली त्यांना नावं आठवत नाहीत. मला काळजी वाटते त्यांची." आणि किल्लीची गोष्टही सांगितली. आवाज तिचा खरोखर काळजीचा होता. काळजी होतीच. त्या काळजीच्या आड आणखी काय उभं होतं, तेही तिला त्या घटकेला स्वच्छ दिसत होतं.

"खरं सांगितल्याबद्दल आभार," मालक म्हणाले.

महिन्याच्या आत मास्तरांना मुदतीआधी निवृत्त करण्यात आलं. तळघरातल्या जेवणाच्या खोलीत केक कापला, मालक दोन शब्द बोलले. मास्तर सगळ्यांचे आभार मानताना तिसऱ्या माणसापाशी अडकले आणि नाव न घेताच त्याला मिठी मारली. पुढच्याच आठवड्यात घडीच्या नावाची पाटी दारावर लागली.

मंडळीला याचा आनंद झाला. आपल्यातली एक मुलगी, मागच्या जिन्याने चढणारी, एवढ्या मोठ्या हॉटेलची मॅनेजर! चर्चच्या पाळकांनी आभारप्रार्थनेचा रविवार ठेवला आणि देवाने तिच्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यायला घडीला पुढे बोलावलं. ती उभी राहिली. समोर गायन मंडळाच्या बाकावर मास्तर, निवृत्तीनंतर मिळालेला सगळा वेळ गाण्याला दिल्यासारखे टवटवीत. त्यांच्या शेजारच्या रांगेत त्यांची बायको. सगळी मंडळी त्यांना काकू म्हणायची.

"प्रभूने मला धुळीतून उचललं," घडी म्हणाली, "आणि जिथे मी स्वप्नातही गेले नसते तिथे नेऊन बसवलं." लोकांनी 'आमेन' म्हटलं. मास्तरांनी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. तिने पुढचं पाठ केलेलं गाळून टाकलं आणि ती जागेवर येऊन बसली.

मग प्रभुभोजन, मेजापाशी जाऊन भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. पाळक नेहमीप्रमाणे म्हणाले, ज्याच्या मनात आपल्या भावाबहिणीविषयी काही सलत असेल त्याने आधी ते मिटवावं, मग या मेजापाशी यावं. रांगा उठल्या. भाकर घेऊन लोक एकेक करून परत येऊ लागले. काकू उठल्या नाहीत. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, नजर समोर. शेजारची बाई वाकून काहीतरी विचारू लागली तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

त्यानंतरच्या प्रभुभोजनालाही त्या उठल्या नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. कोणी म्हणालं, गुडघे दुखत असतील. घडीला माहीत होतं, गुडघे नव्हेत. हॉटेलातून कोणीतरी बोललं असणार. भिंतींना कान असतात तिथे मालकांच्या खोलीला तर चार.

ती स्वतः दर वेळी उठून भाकर घ्यायची, आणि परत येताना काकूंच्या बाकाकडे न बघता यायची. घरी नवरा म्हणाला, "तुला पाहिजे होतं ते मिळालं ना?"

"मिळालं."

"मग असं तोंड का?"

"दमलेय."

"दमली तर तू वीस वर्षांपूर्वीच होतीस," तो म्हणाला. "आता कळतंय, एवढंच." त्याने तिच्यासमोर चहा ठेवला आणि तो भिंगांचा फडका धुवायला निघून गेला.

एका दुपारी ती चर्चमध्ये गेली. पाळक शिडीवर चढून बल्ब बदलत होते. तिने शिडी धरली आणि खालूनच सगळं सांगितलं: मालकांनी काय विचारलं, ती काय म्हणाली, कोणत्या आवाजात म्हणाली. शेवटी म्हणाली, "मी राजीनामा देते. उद्याच."

पाळक खाली उतरले, जुना बल्ब हातातच धरून बाकावर बसले. ते वयाने फार मोठे नव्हते, पण चेहरा ओढलेला. आठवड्यात दोन अंत्यविधी झाले होते.

"ताई, तुम्हाला साक्षीला मी उभं केलं," ते म्हणाले. "लोकांना असं ऐकायला आवडतं. मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू? देवाने वर उचललं म्हणतो आपण, पण चढताना पाय कोणाच्या खांद्यावर होता ते विचारत नाही. मीही विचारलं नाही."

"मग राजीनामा देऊ ना?"

"ते मला माहीत नाही. आधी त्यांच्या घरी जा. तिथे न जाता दिलेला राजीनामा कोणाच्या कामाचा?"

ती गेली. दार मास्तरांनीच उघडलं. अंगात इस्त्रीचा शर्ट, वरच्या गुंडीपर्यंत लावलेला. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"घडी! ये, ये, आत ये. अगं, ऐकलंस का? घडी आलीय!" त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि पुढे वाकून हळू आवाजात विचारलं, "काय गं, लागला का निकाल?"

"कसला, मास्तर?"

"खुर्चीचा! मालकांनी अजून ठरवलं नाही का? हे बघ, मला विचारलं ना, तर मी तुझंच नाव सांगणार. माझं आता वय झालं. तू कर. तुला जमेल."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. घडीने त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीच वाचता येईना.

"मास्तर," ती म्हणाली, "निकाल लागला. मला मिळालं. आणि ते कसं मिळालं ते सांगायला आलेय. मालकांनी मला तुमच्याबद्दल विचारलं होतं. मी सांगितलं की तुम्हाला नावं आठवत नाहीत. किल्लीचंही सांगितलं. ते खरं होतं, पण मी ते तुमच्यासाठी नाही सांगितलं. माझ्यासाठी सांगितलं. मला माफ करा."

मास्तरांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ओठ हलले. "माझ्या पाठीमागे?" ते म्हणाले. "घडी, तू? मला सांगायचंस ना. मी काय... मला विचारायचंस तरी." त्यांचे डोळे भरले. ते उठले, खोलीत दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे फिरले, मग हाताने भिंत धरत आतल्या खोलीत गेले. आत कपाट उघडल्याचा आवाज आला. घडी मान खाली घालून बसून राहिली.

थोड्या वेळाने ते बिस्किटांचा डबा घेऊन बाहेर आले. तिला बघून थबकले आणि चेहरा पुन्हा उजळला.

"अरे, घडी! कधी आलीस? काय गं, लागला का निकाल?"

काकूंनी पुढे होऊन त्यांच्या हातातला डबा घेतला. "तुम्ही जरा पडा," त्या म्हणाल्या. "मी चहा झाला की हाक मारते." त्यांना आत पोचवून त्या परत आल्या आणि घडीसमोर बसल्या.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "त्यांना आता कालचं आज आठवत नाही. तू आलीस, सांगितलंस, तुझं मन हलकं झालं. ते मात्र नव्याने दुखावले. पुन्हा आलीस की पुन्हा सांगशील, पुन्हा दुखावतील. किती वेळा?"

"काकू, मला कळत नव्हतं..."

"तुला सगळं कळत होतं. हुशार आहेस तू. खोटं बोललीस असं मी म्हणत नाही. तुझ्याआधी मला दिसलं होतं ते. घरी येऊन किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवायचे. तू आधी माझ्याकडे यायचंस. आपण दोघींनी हाताला धरून बाहेर आणलं असतं त्यांना. मीच सांगितलं असतं, पुरे झालं, चला घरी. मानाने आले असते. तू त्यांना कॉलर धरून बाहेर काढलंस."

घडी म्हणाली, "मी नोकरी सोडतेय. राजीनामा देणार आहे."

काकू हसल्या. ते हसणं बरं नव्हतं. "म्हणजे मंडळी म्हणणार, काय बाई त्याग! पाळक प्रार्थना करणार. तू पुन्हा पुढे, पुन्हा वर. आणि मला काय मिळणार गं? तुझी खुर्ची आणून मी या खोलीत ठेवू? अडचण नुसती."

"मग मी काय करू, ते तरी सांगा."

"मला काय विचारतेस? माझ्या अंगात त्राण नाही. दिवसभर त्यांच्या मागे मागे फिरायचं. दाराला कुलूप लावून बाजारात जावं तर आतून रडतात. गुरुवारी मला माझ्या गुडघ्यांसाठी दवाखान्यात जायचं असतं, तेही दोन महिने सुटलंय."

"गुरुवारी मी येऊन बसते."

"ये," त्या म्हणाल्या. "पण हे माफीचं नाही हं. माफीचं मी रोज प्रार्थनेत म्हणते. जिभेवर येतं, खाली उतरत नाही. तू गुरुवारी येऊन बसलीस म्हणून ते उतरेल असं समजू नकोस. मला माणूस पाहिजे, म्हणून ये."

गुरुवारी सकाळी मालकांची साप्ताहिक बैठक असायची. घडीने त्यांना सांगितलं, "यापुढे गुरुवारी मी दुपारी येईन."

"वैयक्तिक काम?"

"हो."

"दर गुरुवारी?"

"हो."

मालकांना ते रुचलं नाही. त्यांचं दुसरं हॉटेल बांधून होत आलं होतं, आणि दोन्ही मिळून एकाच हाताखाली द्यायचा त्यांचा बेत सगळ्यांना ठाऊक होता. त्यांनी दोनदा आडून आणि एकदा सरळ विचारलं, बैठकीला येणं जमेल का. घडी म्हणाली, नाही जमणार. मग बाहेरून एक माणूस आला, चकचकीत बुटांचा, आणि दोन्ही हॉटेलं त्याच्या हाताखाली गेली. घडी आपल्या जागेवर राहिली, तिच्या वर आणखी एक पायरी बसली. लॉंड्रीत बायका म्हणाल्या, घडीमॅडम थंड पडल्या. तिला वाईट वाटलं नाही असं नव्हे, चांगलंच वाईट वाटलं. कित्येक दिवस ती मनातल्या मनात त्या बुटांशी भांडत होती. एकदा तर गुरुवारी सकाळी ती हॉटेलच्या रस्त्याला वळलीही, आणि कोपऱ्यावर थांबून मुकाट्याने परत फिरली.

मास्तरांसोबतचे ते तास सोपे नव्हते. पहिल्याच गुरुवारी, काकू बाहेर पडताच, त्यांनी विचारलं, "काय गं, लागला का निकाल?" तिने काकूंना आधीच विचारून ठेवलं होतं, काय उत्तर देऊ. काकू म्हणाल्या होत्या, "खोटं बोलू नकोस. पण पुरतं खरं सांगून त्यांना रडवूही नकोस. मधलं काय ते तुझं तू शोध."

"लागला, मास्तर," घडी म्हणाली. "मला मिळालं."

मास्तरांनी दोन्ही हातांनी टाळी वाजवली. "मी म्हटलंच होतं! अगं, मी म्हटलंच होतं!" ते उठून तिच्याजवळ आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उभ्या उभ्याच प्रार्थना म्हणायला लागले. शब्द सापडत नव्हते तिथे नुसते गुणगुणत होते. देवा, ही आमची मुलगी आहे, हिला सांभाळ, हिला दमवू नकोस.

घडी तशीच बसून राहिली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तिने त्या आनंदाने घेतल्या असत्या. हा आनंद घेणं तिच्या जिवावर येत होतं. आणि तो एकदाच घेऊन भागणार नव्हतं. बिस्किटं झाली, चहा झाला, की पुन्हा, "काय गं, लागला का निकाल?" पुन्हा टाळी. पुन्हा तोच हात डोक्यावर. एका सकाळी चार-चार वेळा. मंडळीपुढे साक्ष देताना तिने जे आशीर्वाद म्हणून मोठ्याने मिरवलं होतं, ते आता कोणी बघायला नसताना, एका पुसट झालेल्या माणसाच्या हातून तिला घ्यावं लागत होतं, आणि त्याची लायकी आपल्यात नाही हे ओठांवर आणता येत नव्हतं. घरी गेल्यावर ती काही न खाता पडून राहायची. पण अशाच एका दिवशी तिच्या लक्षात आलं, की प्रार्थनेला डोळे मिटले तर अभ्रे आले नाहीत. काहीच आलं नाही. नुसता अंधार होता, आणि तो बरा होता.

मास्तरांना मधूनच आपण हॉटेलात आहोत असं वाटायचं. मग ते टेबलामागे उभे राहून म्हणायचे, "या, या. प्रवास कसा झाला?" ती म्हणायची, "बरा झाला. खोली आहे का?" "आहे ना. तुमच्यासाठी कधीही." कधी कधी बाथरूमपर्यंत पोचायला त्यांना उशीर व्हायचा. ते शरमेने आतून दार लोटून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. घडी बाहेरून दार वाजवायची, थांबायची, पुन्हा वाजवायची, आणि मग बादली घेऊन आत जायची. त्यांचे पाय पुसायला गुडघ्यांवर बसताना तिला चर्चमधलं मेजामागच्या भिंतीवरचं चित्र आठवायचं: शिष्यांचे पाय धुवायला प्रभू कमरेला टॉवेल बांधून वाकलेला, समोर घमेलं. नुकतीच कामाला लागली होती तेव्हा ते चित्र बघून ती आईला म्हणाली होती, "हा तर आमच्याच खात्यातला." आईने चिमटा काढला होता. मग ती त्या खात्यातून वर गेली होती आणि चित्राकडे बघायचं राहून गेलं होतं.

काकू परत आल्या की फार बोलत नसत. "खाल्लं का त्यांनी?" "खाल्लं." "झोपले?" "थोडे." एवढंच. एकदा त्यांनी घडीच्या हातात छत्री दिली, बाहेर भुरभुर होती म्हणून. पुढच्या गुरुवारी तिने ती परत आणली. काकूंनी घेतली आणि कोपऱ्यात ठेवली.

वर्ष उलटून गेल्यावर एका रविवारी काकू मेजापाशी गेल्या. रांग निम्मी झाली होती तेव्हा त्या बाकाचा कठडा धरून उठल्या, मास्तरांना हाताला धरून सोबत घेतलं, आणि दोघं सगळ्यांत शेवटी, अगदी हळू, पुढे गेली. घडी आपल्या जागेवर बसून बघत होती. उपासना संपल्यावर बाहेर पायऱ्यांवर ती त्यांच्यापाशी गेली. काही बोलायच्या आधीच काकू म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही गेले. भूक लागली होती मला."

"हो," घडी म्हणाली.

"किती दिवस उपाशी राहणार माणूस? तुझं-माझं व्हायचं तेव्हा होईल. काल थोडं झालं, आज सकाळी तुला बघितलं तर पुन्हा गेलं. असं चाललंय."

"हो, काकू."

"हो हो काय करतेस? हात दे. पायरी उंच आहे."

त्या थंडीत मास्तरांनी अंथरूण धरलं. निकालाचं विचारणं हळूहळू बंद झालं. आधी ते तिला 'घडी' म्हणायचे थांबले, मग 'या, या' राहिलं, मग तेही गेलं. ज्या प्रश्नाने तिला इतकं सोललं होतं, तो येईनासा झाल्यावर ती पलंगापाशी बसून त्याची वाट बघू लागली. मास्तर छताकडे बघत असायचे. कधी गाण्याची एखादी ओळ सुरात यायची, शब्द मात्र एकही नसायचा. तीही सोबत गुणगुणायची. तिचा सूर चुकला की त्यांची भुवई उचलली जायची. शेवटपर्यंत तेवढं राहिलं होतं.

मास्तर थंडी सरता सरता गेले. त्यांच्या अंत्यविधीला हॉटेलातून लॉंड्रीच्या बायका, स्वयंपाकी, लिफ्टवाला, सगळे आले. मालक आले नाहीत. त्यांचा गुच्छ आला. कबरीवर माती पडल्यावर लोक पांगले आणि घडी आणि तिचा नवरा काकूंना घरी सोडायला गेले. ती दोघं दारातून परत फिरत असताना काकू म्हणाल्या, "गुरुवारी येशील ना?"

घडीला कळेना. "दवाखाना आहे का?"

"दवाखाना बिवाखाना काही नाही. कुठे जायचं नाहीये मला."

"मग मी येऊन काय करू?"

"काही नाही. नुसतं बसायचं. जमेल का तुला?"

नवरा मागे उभा होता. तो खोकल्यासारखं हसला.

"बघते," घडी म्हणाली.

गुरुवारी ती गेली. काकू टेबलापाशी मटार सोलत बसल्या होत्या. खोली फार मोठी वाटत होती. घडी समोरच्या खुर्चीत बसली. थोडा वेळ खिडकीकडे बघितलं, थोडा वेळ जमिनीकडे. मग तिचा हात आपोआप शेंगांकडे गेला. काकूंनी वर न बघता वाडगं आपल्याकडे ओढून घेतलं.

"बस म्हटलंय ना तुला," त्या म्हणाल्या.

घडीने हात मांडीवर ठेवले. पाठ खुर्चीला टेकली. खांदे अजून कानांपाशीच होते, ते खाली यायला बराच वेळ लागला.